चार बोटं खाली

सासूबाई पडल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत वाळलेले कपडे होते. एरवी गच्चीवरून उतरताना त्या भिंतीला हात लावून यायच्या. त्या सकाळी हात मोकळा नव्हता. शेवटच्या पायरीवरून त्यांनी पाय सोडला, जिथे जमीन असायला हवी तिथे ती नव्हती, आणि कपड्यांच्या ढिगासकट त्या पुढे कोसळल्या. सून स्वयंपाकघरात होती. तिला आधी धप्प असा आवाज आला आणि मागोमाग एक सणसणीत शिवी. सासूबाई कधी शिवी देत नसत, म्हणून ती गॅस तसाच सोडून धावली. उजवं मनगट नको त्या बाजूला वळलं होतं.

हाडांच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मुलगा साइटवरून आला. कोपरापर्यंत सिमेंट, पँटच्या गुडघ्यांवर वाळलेला माल. तो गवंडी होता, आणि नुसता गवंडी नाही, लोक ज्याच्यासाठी थांबून राहतात असा मिस्त्री. सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला जे वजन लटकवतात, तो ओळंबा. याची भिंत केसभरही कलत नाही, असं लोक म्हणायचे. भिंतीचं राहू द्या, हा माणूसच कलत नाही, असं त्याची बायको म्हणायची.

"पडलीस कशी?" त्याने आईला विचारलं.

"तुझ्या त्या पायरीवरून."

दुसरा कुणी असता तर त्याने आधी आईच्या पाठीवर हात ठेवला असता. याने डोळे बारीक केले, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "पायरी बरोबर आहे, आई. जमीन खाली आहे."

शेजारच्या बाकावरचा एक जण फिस्सकन हसला. बायको हसली नाही. तिने सासूच्या पदरावरची धूळ झटकली, परत झटकली, आणि धूळ संपल्यावरही झटकत राहिली.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मेख तीच होती. घर बांधताना त्याने जिना ओतला तो पुढे फरशी बसणार हे धरून. खाली मालाचा थर, वर फरशी, मिळून चार बोटं. तेवढी जमीन वर आली की शेवटची पायरी बाकीच्यांएवढी होणार होती. दारांच्या चौकटी त्याच बेताने बसवलेल्या, स्वयंपाकाचा ओटाही त्याच बेताने. फरशी तेवढी बसली नाही. त्यांची मुलगी रांगत होती ती चालायला लागली, शाळेत गेली, लग्न होऊन दूरच्या शहरात नांदायला गेली, फरशी बसली नाही. परसात ताडपत्रीखाली चांगल्या अखंड फरश्या रचून ठेवलेल्या होत्या, त्यांच्या फटींतून गवत उगवलं, फरशी बसली नाही. सगळं घर चार बोटं अधांतरी उभं होतं. दारांखालच्या फटींतून उंदीर यायचे, म्हणून ती जुन्या चादरींच्या गुंडाळ्या करून तिथे कोंबायची. ओटा चार बोटं उंच पडायचा, म्हणून सेंट्रिंगच्या एका फळीवर उभी राहून ती स्वयंपाक करायची. फळीवरून उतरायचं, डबा काढायचा, परत फळीवर चढायचं. असं दिवसभर.

कारणं त्याच्याकडे तयार असायची, आणि प्रत्येक कारण धंद्यातलं, चोख.

"आधी पाइप टाकायला हवेत. नाहीतर उद्या बसवलेली फरशी फोडावी लागेल."

पाइप टाकून झाले.

"गिलाव्याआधी फरशी बसवतात का कुठे? भिंतीचा सगळा माल फरशीवर सांडेल."

मग गिलावा करा.

"वायरिंगवाल्याने वायरींसाठी भिंतीत झिऱ्या मारल्याशिवाय गिलावा कसा होईल?"

वायरिंगवाला याचाच दोस्त. तो म्हणायचा, वहिनी, हा माणूस मला दिव्यांच्या जागाच सांगत नाही. झिरी, गिलावा, भराव, लेव्हल. शब्द ऐकून तिचे कान किटले होते. बाकीच्यांचे नवरे नुसत्याच थापा मारतात, माझा थापीने मारतो, असं ती शेजारणीला सांगायची. शेजारीण हसायची. तीही हसायची, तेव्हा.

लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं ती त्याच्याच हाताखाली बिगारी होती. या घराच्या पायाची माती तिने घमेल्या-घमेल्याने डोक्यावरून उपसली होती, विटा भिजवल्या होत्या, जोत्यावर पाणी मारलं होतं. एकदा, फार पूर्वी, तो तिला म्हणाला होता, "दिवसभर सिमेंटच बघतो गं. घरी आल्यावर तरी नको." तेव्हा तिला ते पटलं होतं. तिने त्याच्या पाठीला तेल लावलं होतं. आता ते तेल आठवलं की तिला स्वतःच्या तळहातांचाच राग यायचा.

दवाखान्यातून आल्यावर सासूबाई पलंगावर बसल्या. हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी चारी भिंतींकडे नजर फिरवली. उघड्या विटा, मधून ओघळून सुकलेला माल.

"इतक्या वर्षांत या घरात एकच प्लास्टर झालं," त्या म्हणाल्या, "आणि तेही माझ्या हाताला."

"आता तूही सुरू कर," मुलगा म्हणाला. "रविवारी बघतो म्हटलं ना."

"कुठल्या रविवारी?" बायकोने विचारलं.

"ह्या स्लॅबचं काम हातावेगळं होऊ दे."

"तुम्ही मागच्या स्लॅबलाही हेच म्हणाला होतात. त्याच्या मागच्यालाही. त्या बिल्डिंगमध्ये आता लोक राहायला गेले, त्यांची पोरं जिन्यावरून धडाधडा उतरतात. पडत नाहीत."

"कारण तो जिना मी बांधलाय."

"हाही तुम्हीच बांधलाय!"

"मिस्त्रीच्या घरात मिस्त्रीला शिकवू नकोस."

"मिस्त्रीचं घर?" ती म्हणाली. "कुठे आहे? मला तर इथे साइट दिसते. आणि साइटवरसुद्धा तुम्ही खड्ड्याभोवती दोरी बांधता, कुणी पडू नये म्हणून."

तो जेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. लोकांच्या घरात नव्या न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते ओणवं होऊन बघणारा हा माणूस. स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडला की डोळे मिटून घेणारा.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने सासूला भरवलं, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "मी टकटककडे जाऊन येते."

सासूबाईंनी घास गिळला. "त्याच्याकडेच?"

"त्याच्याकडेच."

"जा," सासूबाई म्हणाल्या. "दार ओढून घे."

टकटक फरशीवाला होता. फरशी बसवली की हातोडीच्या दांड्याने ती ठोकून बघायची त्याची सवय. कुठे पोकळ वाजली तर उचलून परत. म्हणून टकटक. एके काळी तो आणि ओळंबा जोडीने काम करायचे, एकाच डब्यात जेवायचे. मग एका न्हाणीच्या उतारावरून बिनसलं. घरमालकासमोर टकटक म्हणाला की फरशीखालचा सिमेंटचा कोबाच उलट्या उताराचा आहे, पाणी मोरीकडे न जाता दाराकडे येतंय. ओळंबा म्हणाला, कोबा बरोबर आहे, फरशी चुकलीय. शेवटी सगळं उखडलं, आणि त्यात नेमकं काय कुणाचं चुकलं होतं तेही उखडून गेलं. त्या दिवसापासून दोघं रस्त्यात दिसले तरी एक जण पलीकडच्या कडेला जायचा.

तो एका नव्या दुकानात गुडघ्यांवर बसून काम करत होता. तिला बघून उभा राहिला.

"वहिनी? कुणाला काही झालं का?"

"सासूबाई पडल्या. हात मोडला. फरशी बसवायची आहे, माझ्या घरात."

टकटकने हातातली फरशी हळूच भिंतीला टेकवली. "त्याला विचारलंत?"

"त्यांना विचारण्यातच माझे केस पांढरे झाले."

"तो मला फावड्याने झोडपेल."

"मग आधी मला झोडपावं लागेल. मी दारात उभी राहते."

"वहिनी, फरशीवाले पुष्कळ आहेत. मीच का?"

तिने खरं ते सांगून टाकलं. "दुसरा कुणी आला तर त्यांना नुसतं वाईट वाटेल, भाऊजी. तुम्ही आलात तर झोंबेल."

टकटकने मान खाली घातली. त्याला हसू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. "उद्याच्याला हे दुकान संपतं," तो म्हणाला. "परवा येतो."

परवा तो आला. दोघांनी मिळून पुढची खोली रिकामी केली. सासूबाईंचा पलंग जिन्याजवळ सरकवला, कारण त्यांना सगळं बघायचं होतं. टकटकने पाण्याची नळी काढली, तिच्या एका टोकाचं पाणी या भिंतीशी आणि दुसऱ्या टोकाचं त्या भिंतीशी धरून खुणा केल्या. भिंतींवर कमरेच्या उंचीवर ओळंब्याने घर बांधताना मारलेली लाल रेघ अजून होती, पुसट. टकटकची प्रत्येक खूण त्या रेघेवरच येत होती. एकदा रेघेवरून त्याने अंगठा फिरवला. दुपारपर्यंत दोऱ्या बांधून झाल्या, जमीन ओली करून झाली, आणि दिवस कलता कलता कोपऱ्यातल्या पहिल्या फरश्या बसल्या. बिगारी ती स्वतःच होती. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं उचललं तेव्हा मानेत कळ आली. तिने ती कळही नवऱ्याच्या नावावर टाकली.

तेवढ्यात तो आला.

दारातच थांबला. दोऱ्या बघितल्या, फरश्या बघितल्या, टकटकला बघितलं. मग चप्पल काढून दोरी ओलांडत तो थेट जिन्याशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. खिशातली टेप काढली. दोरीपासून पायरीपर्यंत मोजलं. वरच्या पायरीपर्यंत मोजलं. परत मोजलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा लखलखत होता.

"या! बघा!" तो म्हणाला. "दोऱ्याचाही फरक नाही. काय सांगत होतो मी? पायरी बरोबर आहे!" मग टकटककडे वळून, "बोल तू. आहे चूक?"

"नाही," टकटक म्हणाला. "पायरी बरोबर आहे."

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "माझ्या दुश्मनाच्या तोंडून ऐक."

तिने घमेलं खाली ठेवलं.

"चुकली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. "माणूस चुकतो. चुकलास म्हणून मी सोडून दिलं असतं. पण तुला माहीत होतं. जमीन किती खाली आहे ते तुला बोटाबोटाने माहीत होतं. रोज तू स्वतः या पायरीवरून उतरताना पाय बरोबर तेवढा खाली टाकत होतास. आणि आई तिथूनच उतरताना बघत होतास. मी फळीवर उभी राहून भाजी चिरताना बघत होतास. बरोबर आहे, बरोबर आहे! तुझ्या त्या बरोबरला आग लाव."

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं, आई काहीतरी बोलेल म्हणून. आई प्लास्टरच्या कडेवरची धूळ फुंकत होती.

तो टकटकवर उलटला. त्याची हातोडी उचलली आणि दारातून बाहेर भिरकावली.

"उचल ती," टकटक म्हणाला.

"नाही उचलत. माझ्या घरात तुझी हातोडी कशाला? कुणाकुणाच्या न्हाणीत पाणी तुंबवून ठेवलंस..."

"पाणी तुझ्या कोब्याने तुंबलं!"

"कोबा बरोबर होता!"

"तुझं काय चुकलंय कधी! उतार दाराकडे होता, तांब्या मी ओतला होता, माझ्या डोळ्यांनी..."

"फरशी बसवायच्या आधी का नाही बोललास?"

"बोललो होतो! तू ऐकलंस तर ना!"

दोघं एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे राहिले, आणि बघता बघता घर, पायरी, मोडलेला हात, सगळं मागे पडून ती कुठली तरी परक्याची न्हाणी त्या खोलीत अवतरली. सासूबाई कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत राहिल्या. सुनेने रिकामं घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि जमिनीवर आपटलं. त्या आवाजाने दोघं दचकले.

"न्हाणी तिकडे, लोकांच्या घरात," ती म्हणाली. "इथे माझं घर आहे. भाऊजी, हातोडी मी आणून देते. उद्या काम चालू राहील." मग नवऱ्याकडे वळली, आणि या खेपेला परत अहो-जाहोवर आली. ते त्या 'तू'पेक्षा गार होतं. "तुमचा हात या फरशीला लागता कामा नये."

"माझ्या घरात मी हात लावायचा नाही?"

"थापीला नाही. घमेल्याला लावा. बिगारी हवाच आहे."

तो तसाच चपला घालून निघून गेला. रात्री आला नाही. साइटवर सिमेंटची पोती ठेवायच्या खोलीत झोपला, असं वायरिंगवाल्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिथे सगळ्यांवर तोंड टाकलं आणि एक चांगली उभी राहिलेली भिंत पाडायला लावली. ती का पाडली हे कुणालाच समजलं नाही. समोर ओळंबा लटकत होता, भिंत त्याला चिकटून सरळ उभी होती.

इकडे ती माल कालवत होती आणि वाहत होती. सासूबाई डाव्या हाताने फरश्यांवर पाणी शिंपडायच्या. टकटक कमी बोलायचा. त्याला वाटलं होतं ओळंब्याला झोंबलं की आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटत नाही, असं तो एकदा चहा पिताना म्हणाला. ती म्हणाली, "मलाही नाही." आणि कप विसळायला उठली.

एका सकाळी ती परसात माल कालवत असताना समोर पाय दिसले. दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. त्याने हात पुढे केला. तिने क्षणभर फावडं धरून ठेवलं आणि मग सोडलं.

आतून टकटकची हाक आली, "वहिनी, माल!"

ओळंबा घमेलं घेऊन आत गेला. टकटकने वर बघितलं, मग घमेल्यात बघितलं.

"पातळ झालाय," तो म्हणाला.

पलंगावरून आईने मान उंचावली. ओळंब्याच्या गालाचा स्नायू हलला. माल पातळ नव्हता, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"घट्ट करून आणतो," तो म्हणाला.

दिवसभर तो येरझाऱ्या घालत राहिला. फक्त एकदा, घमेलं रिकामं करून वळताना, त्याचा पाय एका फरशीवर पडला आणि तो थबकला. "ही पोकळ आहे," तो म्हणाला. टकटकने दांड्याने ठोकून बघितलं. पोकळच होती. त्याने ती उचलली, खालचा माल खरवडला. ओळंब्याने नवा माल पुढे सरकवला. दुपारी टकटकने आपला डबा उघडला तेव्हा झाकणात थोडी भाजी काढून ओळंब्याकडे ढकलली. तो जेवला, पाठ फिरवून.

फरशी झाली. पाणी मारून झालं, वाळली, चालायला वर टाकलेल्या फळ्या काढल्या. दारांखालची फट बुजली. ओटा कमरेला आला. ती ओट्यासमोर उभी राहिली आणि पायाखाली फळी नसल्यामुळे तिला क्षणभर आपण बुटक्या झालो असं वाटलं. मग ती वाट बघत राहिली, राग उतरायची. राग उतरला नाही. तिला वाटलं होतं तो फरशीचा आहे, फरशी झाली की जाईल. उलट तो वाढला.

"झालं ना आता मनासारखं?" त्याने विचारलं.

"एवढंच काम होतं," ती म्हणाली. "आठवडाभराचंसुद्धा नाही. डोंगर फोडायचा असता तर मी मनाची समजूत घातली असती. एवढ्याशा कामासाठी माझी कंबर गेली, आईंचा हात गेला."

तो फरशीच्या सांध्यांकडे बघत राहिला. "इथे आलो की मला कळायचंच नाही कुठून सुरुवात करू," तो म्हणाला. "लोकांच्या घरी कुणीतरी सारखं मागे लागलेलं असतं."

"मी नव्हते लागले?"

"तू घरची होतीस," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ते कसं वाटतंय ते ऐकू आलं असावं, कारण तो उठून बाहेर गेला.

सासूबाईंचं प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण मनगट पूर्वीसारखं फिरेना. भांडं धरता यायचं, कपडे पिळता यायचे नाहीत. त्यांनी मुलाला एका शब्दाने दोष दिला नाही. मात्र रोज सकाळी साइटवर निघायच्या आधी तो परसात उभा राहून आईची लुगडी पिळायचा. मोरीत पिळतो, तो एकदा म्हणाला. "परसातच," आई म्हणाली. शेजारपाजारचे बघायचे. त्याच्या हाताखालची माणसं त्या रस्त्याने कामावर जायची, तीही बघायची. तो पिळायचा, झटकायचा, दोरीवर टाकायचा आणि मग जायचा.

दिव्यांच्या जागा त्याने त्या महिन्यात नक्की केल्या. वायरिंगवाल्याने झिऱ्या मारल्या, भिंतींत नळ्या बुजल्या. एका रविवारी त्याने मागच्या खोलीत गिलाव्यासाठी वाळू चाळली, भिंत ओली केली आणि दोरीचं रीळ काढलं. एक टोक खिळ्याला बांधलं. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो.

"जरा धरतेस का?" त्याने हाक मारली.

ती ऐकून न ऐकल्यासारखी डबे लावत राहिली. तो दोरी हातात घेऊन उभा होता. तिने सगळे डबे लावले, ओटा पुसला, फडकं धुऊन वाळत घातलं. मग येऊन दोरीचं टोक घेतलं, बोटाला दोन वेढे दिले आणि अशी ओढली की दोरी वाजली.

"अगं, तुटेल ती," तो म्हणाला.

"तुटू दे. दुसरी आणा."

त्याने तिच्या बोटाकडे पाहिलं. ते पांढरं पडलं होतं. मग तो भिंतीकडे वळला, थापीवर माल घेतला आणि दोरीला धरून गिलाव्याच्या लेव्हलचा पहिला ठिपका मारला.